पांढऱ्यावरची पांढरी अक्षरं

खोली मी आधी बुक केली आणि मग आईला इंग्लंडला बोलावलं. हा क्रम मी आजवर कुणाला सांगितलेला नाही, नवऱ्यालाही नाही. त्याला वाटतं, आई इथे आली, तिचं उठणं-बसणं आम्ही बघितलं आणि मग दोघांनी मिळून ठरवलं. तसं काही झालं नव्हतं. बाबा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई पुण्याच्या घरी बाथरूममध्ये पडली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दार आतून बंद. शेजाऱ्यांनी माणूस आणून दार उघडेपर्यंत ती पाच तास ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. त्यानंतरच्या आठवड्यात मी कॉव्हेंट्रीतल्या माझ्या किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसले आणि पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली पक्की केली. ते लोक त्याला वृद्धाश्रम म्हणत नाहीत. काहीतरी निवास म्हणतात. पूर्वेला खिडकी, बाथरूममध्ये धरायला दांड्या, खाली बाग. फोटोत बागेतल्या बाकावर एक आजी हसत होत्या. अशा फोटोंतल्या आजी हसतच असतात.

मग मी आईला फोन केला. म्हटलं, "सहा महिने इकडे ये. थंडी संपली की जा परत आपल्या घरी. तोवर मी तुला चोवीस तासांची बाई बघून ठेवते."

माझ्या डोक्यात तेव्हा सगळं नीट बसत होतं. तिला इथे आणायचं, चार दिवस विश्रांती द्यायची, मग समोर बसवून सांगायचं. ही काही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे. हे कारण खरंच होतं, पण त्याच्या आड मी लपलेही होते.

तिला इथेच का नाही ठेवून घेतलं, असं विचारणारे भेटतात. बहुतेक पुण्याचे असतात आणि त्यांची स्वतःची मुलं अमेरिकेत असतात. त्यांना सांगते, व्हिसाची कामं बघणाऱ्या सॉलिसिटरकडे, म्हणजे वकिलाकडे, जाऊन आले होते. तो सभ्य माणूस होता, पंधरा मिनिटांत मोकळा झाला. आई स्वतःच्या हाताने जेवते का? जेवते. आंघोळ स्वतः करते? करते. तिची काळजी घेणारं भारतात विकत मिळतं का? मिळतं. मग विसरा, म्हणाला. म्हणजे माझी आई अजून पुरेशी मोडलेली नव्हती. सहा महिन्यांचा पाहुण्यांचा व्हिसा, आणि तो संपला की जायचं, एवढंच तिच्यासाठी या देशात होतं. मी एकुलती एक. भाऊ असता तर भावाला शिव्या तरी देता आल्या असत्या.

सप्टेंबरच्या सुरुवातीला ती आली. अंगावर दोन स्वेटर, हातात बाबांचं पुरुषी घड्याळ. ते तिच्या मनगटावर कंकणासारखं फिरायचं. बाबा गेल्यापासून तिने ते काढलं नव्हतं. मला वाटायचं, दुःख आहे, राहू दे. लेक युनिव्हर्सिटीला गेली होती, तिची खोली आईला दिली. चार दिवसांत आईने किचनमधले डबे स्वतःच्या हिशोबाने लावून टाकले आणि वर म्हणाली, "लेकीच्या घरी सहा महिने म्हणजे फारच झालं. पूर्वी लोक पाणीसुद्धा प्यायचे नाहीत." आणि माझ्याच हातचा चहा पीत बसली.

सांगायचं पुढे ढकलत गेले. दिवाळीत कशाला, म्हणून दिवाळी गेली. मग तिला खोकला झाला. मग लेक ख्रिसमसला घरी आली आणि घरात हसणं-खिदळणं होतं, तेव्हा कसं सांगणार? नवरा आडून आडून म्हणायचा, मग सरळच म्हणाला, "यू हॅव टु टेल हर. फेब्रुवारी एंडला फ्लाइट आहे. विमानात बसल्यावर सांगणार आहेस का?"

"तू सांग ना मग," मी फाडकन म्हटलं.

"माझी आई आहे का ती?"

जानेवारी उजाडला. इथला जानेवारी उजाडत नाहीच, नुसता लागतो. चारला अंधार, दिवसभर भुरभुर पाऊस, कचऱ्याचे ओले बिन फुटपाथवर. आईला बाहेर काढायला म्हणून मी तिला बसने टाउनमध्ये घेऊन जायची. छप्पर नसलेलं ते जुनं कॅथेड्रल तिने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा म्हणाली, "हे पाडत का नाहीत?" मी सांगितलं की लढाईत गावावर बाँब पडले, सगळं जळलं, आठवण म्हणून एवढं ठेवलंय. ती भिंतींकडे बघत राहिली. "आठवण ठेवायला एवढी जागा लागते होय," म्हणाली. आणि परतीच्या बसमध्ये, काहीच मागे-पुढे नसताना, तिने विचारलं, "ह्यांचे ते जपानी सिनेमे इथे मिळतात का गं?"

इथे बाबांचं सांगायला हवं. बाबा विमा कंपनीत कारकून होते आणि उरलेल्या वेळात फिल्म सोसायटीचे. त्या काळी परदेशी वकिलातींकडून सिनेमांच्या पत्र्याच्या पेट्या यायच्या. कित्येक जपानी प्रिंटांवर सबटायटल नसायची, किंवा असायची ती भलत्याच भाषेत. सोबत इंग्रजीत टाइप केलेली संवादांची यादी यायची. बाबा ती शंभरपानी वहीत मराठीत उतरवायचे आणि रविवारी सकाळच्या खेळाला थिएटरच्या मागच्या रांगेत, एका हातात टॉर्च आणि समोर माइक घेऊन, अख्खा सिनेमा वाचायचे. म्हातारे, सुना, सैनिक, पोरं, सगळ्यांचं एकाच सपाट आवाजात. नाटकी आवाज काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्या एका दिग्दर्शकाचे, लढाई संपल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतले सिनेमे त्यांना फार लाडके. पुढे तो जगभर गाजला, पण बाबा म्हणायचे, खरं काम त्याने भुकेल्या वर्षांतच केलं. जळलेली गावं, रेशनचा तांदूळ, एका खोलीत राहणारी माणसं, लग्नाच्या मुली, आणि कुणीही मोठ्याने रडत नाही. बस, एवढंच.

आई त्या सिनेमांना कधी गेली नाही. एकदाही नाही. रविवार सकाळ, घरात आजोबा, मी, हटकून येणारा एखादा पाहुणा. कुणाला तरी कुकर लावायचाच होता. या गोष्टीसाठी मी बाबांना कधी मनापासून माफ केलं नव्हतं. त्यांच्याकडे जपान होता आणि तिच्याकडे कुकर. बाबा जपानी बायकांच्या दुःखावर तासभर बोलू शकायचे आणि स्वतःच्या बायकोला त्यांनी एक तिकीट काढून दिलं नाही, हे मी त्यांना एकदा तोंडावर बोलून दाखवलं होतं. ते नुसते हसले. आई म्हणाली होती, "तुला काय कळतंय त्यातलं?" तेव्हा मला वाटलं, झाली नवऱ्याची वकिली सुरू.

तर सिनेमे मिळाले. जुन्या सिनेमांची एक वेबसाइट होती, तिथे त्या दिग्दर्शकाचे बरेचसे होते. रविवारी दुपारी जेवणं झाली की नवरा बाहेर पडायचा आणि आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. आई खुर्चीत, मांडीवर स्टीलची ताटली, ताटलीत तूरडाळ. इथल्या डाळीत खडा औषधालाही सापडत नाही. फोल्सहिल रोडवरच्या देशी दुकानातून आणलेलं पाकीट आरशासारखं स्वच्छ. तरी ती निवडायचीच. आईला इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. सबटायटल तिच्या डोळ्यांपुढून पळून जायची, म्हणून ती मी मराठीत वाचून दाखवायची.

मला वाटलं होतं, सोपं असेल. मी दिवसभर ऑफिसात इंग्रजीच खाते-पिते. पण पहिल्या रविवारी माझी पार दमछाक झाली. पडद्यावरचा माणूस बोलून, उठून, चपला घालून बाहेर पडायचा आणि मी अजून त्याचा नमस्कारच करत असायची.

"अगं लहान कर," आई म्हणाली. "त्याचं तोंड मिटायच्या आत तुझं संपलं पाहिजे."

"इंग्रजीत लांबलचक आहे ना पण."

"इंग्रजीत असू दे. माणूस एवढं बोलत नाही."

शिवाय त्या जुन्या प्रिंटांवरची अक्षरं पांढरी. कुणी पांढरा शर्ट घालून उभा राहिला की त्याचं बोलणं शर्टात बुडून जायचं. तशा वेळी मी "दिसत नाही" म्हणून पुढे जायची. आई मान हलवायची आणि डाळ सरकवायची.

तिचं बघणं मजेशीर होतं. त्या दिग्दर्शकाचा कॅमेरा नेहमी जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेइतका. त्यावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आईने पहिल्या दहा मिनिटांत सांगून टाकलं, "हा खाली बसून बघतोय. तांदूळ निवडायला बसलं की घर असंच दिसतं." आणि कुणी नवं माणूस पडद्यावर आलं की ती खुर्चीत पुढे सरकायची. "ही होय ती? एवढी तरुण? मला वाटलं होतं, चांगली पोक्त बाई असेल." किंवा, "बघ, जिना केवढा अरुंद आहे, म्हणून तो सारखा थांबतो." बाबांनी कधीतरी गोष्टी सांगितल्या असतील, असं मी धरून चालले. गाव जळालेलं दाखवलं की म्हणायची, "तुमच्या गावासारखंच." तुमच्या, म्हणजे कॉव्हेंट्रीच्या. पंचवीस वर्षांत माझ्या तोंडून कॉव्हेंट्रीला माझं गाव म्हटलं गेलं नव्हतं. ते आईनेच पहिल्यांदा म्हटलं, आणि मला विचित्र वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती म्हणाली, "आज तो लाव. आई आणि मुलीचा. स्टेशनवर संपतो तो."

शोधून लावला. मी तो पाहिलेला नव्हता. गोष्ट अशी होती: लढाईत घर जळालेलं, बाप गेलेला. आई आणि मुलगी एका दुकानाच्या माडीवर एका खोलीत राहतात. मुलगी कचेरीत टायपिस्ट. तिची दुसऱ्या गावी बदली होते, तिथे राहायला कंपनीचं वसतिगृह, फक्त एकट्या मुलींसाठी. पहिला अर्धा तास मी नीट वाचला, चांगला वाचला. आईने एकदा "वा" पण म्हटलं. मग मुलगी मधल्या सुट्टीत कचेरीच्या गच्चीवर मैत्रिणीशी बोलते. डोंगरातल्या लांबच्या नातेवाइकांकडे आईला ठेवायचं तिने पत्राने पक्कं केलंय. आईला मात्र सांगितलंय की तुझ्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊ या, वसंत आला की परत.

मैत्रीण विचारते, आईला खरं का नाही सांगत? आणि मुलगी म्हणते, सांगितलं तर ती लगेच हो म्हणेल. त्याचीच भीती वाटते.

पडद्यावरची मुलगी केस सारखे करत होती. तिचा ब्लाउज पांढराशुभ्र होता, पण अक्षरं त्याच्या खाली, काळ्या कठड्यावर, लख्ख दिसत होती.

"दिसत नाही गं," मी म्हटलं. "पांढऱ्यावर पांढरं आलंय."

आईने डाळ सरकवली. पुढचं वाक्य आलं, त्याच्या पुढचं आलं. किती वेळ दिसत नाही म्हणणार? मग मी रचायला लागले. म्हटलं, ती सांगतेय की आईला कळवलंय, आई खूश आहे. घरी गेल्यावर मुलगी आईची भांडी बांधते, तेव्हा आई विचारते, माझा भाताचा वाडगा कशाला घेतलास, चार दिवसांना? मी वाचलं, "वाडगा छान बांधलास." शेजारीण मुलीला जिन्यात गाठून म्हणते, तुझ्या आईने तुला एकटीने वाढवलं. मी वाचलं, "आज पाऊस येणार असं दिसतंय." एकदा सुटलं की सुटलंच. मी एका अख्ख्या सिनेमाची सहल करून टाकली. मुलगी आईबरोबर डोंगरात जाणार, दोघी झऱ्यात पाय सोडून बसणार, वसंतात घरी येणार. खोटं बोलण्यात मला एवढी गती असेल असं वाटलं नव्हतं. एकदाच फक्त, ताटलीतला आईचा हात थांबलेला दिसला. मी तिच्याकडे बघितलं नाही.

शेवटी स्टेशन आलं. बाकावर दोघी बसलेल्या. मुलगी म्हणते, वसंतात न्यायला येते. आई बराच वेळ रुळांकडे बघते आणि मग एक वाक्य बोलते. इंग्रजीत होतं की वचन देऊ नकोस, मला काळजी लागून राहील, वगैरे. मी वाचलं, "नीट जा. वेळेवर जेवत जा." गाडी गेली. रिकामा फलाट, बाकावर पडलेलं एक संत्रं, आणि संपला.

"संपला?" आईने विचारलं.

"हो."

"बरा होता." तिने ताटली टीपॉयवर ठेवली. मी चहा टाकायला उठले, तशी म्हणाली, "बस जरा. तू ह्यांच्याइतकं चांगलं नाही वाचत."

"बाबांना सवय होती," मी म्हटलं. "आणि तू कुठे ऐकलंयस त्यांना वाचताना?"

"दर शनिवारी," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं, आणि सांगताना मला रागावलीही नाही, हे जास्त वाईट होतं. त्या इंग्रजी यादीत प्रत्येक वाक्यापुढे सेकंद लिहिलेले असायचे. वाक्य तेवढ्यात संपलं नाही तर पुढच्या माणसाच्या तोंडावर पडणार. बाबांना वाचता वाचता घड्याळाकडे बघता यायचं नाही. म्हणून शनिवारी दुपारी ते आईसमोर बसून अख्खा सिनेमा वाचायचे आणि आई तांदूळ निवडता निवडता वेळ बघायची. बाबांचं हेच घड्याळ, ताटाच्या कडेला ठेवलेलं. वाक्य लांबलं की ती ताटावर बोट वाजवायची आणि बाबा खोडायचे. त्यांना सुचलं नाही तर ती सुचवायची. अशी बारा-तेरा वर्षं. तिने ते सगळे सिनेमे अथपासून इतिपर्यंत ऐकले होते. पाहिला मात्र एकही नव्हता.

मला शनिवारच्या दुपारी आठवल्या. बंद दार, "बाबा काम करतायत, दंगा करू नकोस," आणि आतून येणारा बाबांचा सपाट आवाज, मध्येच ताटावर टक टक. मला वाटायचं, बाबा आईला बोलतायत आणि ती आदळआपट करतेय. त्या दोघांचं पटत नाही, हे मी तिथेच ठरवून टाकलं होतं आणि पुढे चाळीस वर्षं तेच धरून बसले होते.

"स्टेशनवरचं ते वाक्य," आई म्हणाली, "ते माझं आहे. इंग्रजीत तीन ओळी होत्या आणि सेकंद चार. हे दोन दिवस अडून बसलेले. सगळी वही खोडून काळी केली. मी म्हटलं, एवढं कशाला बोलेल ती? 'ये. पण वाट बघायला सांगू नकोस.' एवढंच म्हणेल. ह्यांनी घड्याळ लावून पाहिलं. बरोबर चार."

रेडिएटर टिकटिक करत तापत होता. बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती. मी म्हटलं, "आई, मला..."

"थांब. मला काही माहीत नव्हतं हं," ती म्हणाली. "मी आपला ह्यांचा आवडता सिनेमा बघायला मागितला. गच्चीवर तू दिसत नाही म्हणालीस, तेव्हा म्हटलं, नसेल दिसत. मग वाडग्याचं बदललंस. मग शेजारणीचं. तिथे पावसाचं नावसुद्धा नाही." ती थोडं हसली. "जे जे गाळलंस ना, त्यावरून कळलं. कुठे आहे ती जागा?"

मी सांगितलं. कसं सांगितलं, आठवत नाही. खिडकी, दांड्या, बाग, डॉक्टर आठवड्यातून दोनदा, सगळं त्या वेबसाइटच्या भाषेत घडाघडा बोलले. आणि मग रडायलाच लागले, तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

"डाळ सांडेल," आई म्हणाली. ताटली तर टीपॉयवर होती. तिच्या लक्षात आलं तशी तिने हात माझ्या डोक्यावर ठेवला. "खिडकी पूर्वेला आहे म्हणालीस ना? मग ठीक आहे. सकाळचं ऊन आलं म्हणजे झालं. जाईन मी."

लगेच हो म्हणाली. सिनेमातल्या मुलीला जी भीती होती, तीच. मला वाटलं होतं ती चिडेल, दोन दिवस जेवणार नाही, माझ्या मावशीला फोन करून माझी लाज काढेल. त्यातलं काही केलं असतं तर मला भांडता आलं असतं. मला भांडता येतं. या होकाराचं काय करायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

त्यानंतरचे रविवार आम्ही सिनेमे बघत राहिलो. मी एकही अक्षर गाळलं नाही. वाक्य लांबलं की आई खुर्चीच्या हातावर बोट वाजवायची आणि मी थांबून पुन्हा म्हणायची. "शिकतेयस," असं एकदा म्हणाली. खोलीचा विषय तिने एकदाच काढला, तिथे स्वतःची ताटली नेता येईल का, एवढं विचारायला. मी मेल करून विचारलं. चालेल म्हणाले.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला विमानतळावर सोडलं. पुण्यात माझा मावसभाऊ न्यायला येणार होता, तिथून थेट तिकडे. माझ्या रजा संपलेल्या होत्या. आधीच्या बाबांच्या आजारपणात गेल्या होत्या, आणि या वर्षीच्या कशात संपवल्या ते आता आठवत नाही. व्हीलचेअर घेऊन एक बाई आली. आई तिच्यात बसली, पर्स मांडीवर, पर्सवर हात. सिक्युरिटीच्या फाटकापर्यंतच आम्हाला जाता येणार होतं. नवऱ्याने वाकून नमस्कार केला. म्हणाला, "आई, तुम्ही पोचल्यावर फोन करा." मग मी वाकले आणि मी जे म्हणणार नाही असं घोकून आले होते, तेच माझ्या तोंडून गेलं.

"जूनमध्ये येते, आई. नक्की."

तिने माझ्याकडे बघितलं. मनगटावरचं घड्याळ फिरवून वर आणलं, पण वेळ पाहिली नाही.

"ये," म्हणाली.

आणि थांबली. मी वाट बघत होते. पुढचं वाक्य आता येईल, चार सेकंदांचं, तिचं स्वतःचं. त्या बाईने व्हीलचेअरचा ब्रेक काढला. आईने माझा हात दाबला, सोडला आणि समोर बघायला लागली. पुढचं तिने गाळलं.

जूनमध्ये मला रजा मिळाली नाही.